जुन्या रायफलीचा स्टॉक हाताने नवा करायचाय? पॉलिश पेपर सगळ्यात शेवटी काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की घरातली जुनी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, स्टॉक म्हणजे लाकडी दस्ता अक्रोडाचा वाटतोय, वरचं वार्निश सोलून निघालंय, हाताच्या पकडीजवळ आणि रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागाच्या) मागे लाकूड काळं पडलंय, बटावर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावर, पोचे आहेत, टँगच्या, म्हणजे रिसीव्हरच्या मागच्या शेपटीच्या, मागे एक बारीक रेघ दिसते जी चीर असू शकते, आणि आता ८० नंबरचा पेपर आणून सगळं घासून काढावं आणि वर पॉलीयुरेथेनचे दोन हात मारावेत का. तर ८० नंबर आणूच नका. बाकीचं सांगतो, जरा लांब होईल पण ही कामं घाईत सांगून कळत नाहीत.

पेपरला माझा एवढा विरोध का ते आधी. स्टॉकचं लाकूड धातूला अगदी चिकटून बसेल असं कापलेलं असतं, बटप्लेटच्या (बटाच्या टोकाच्या धातूच्या पट्टीच्या) कडेला, ट्रिगर गार्डच्या भोवती, रिसीव्हरच्या बाजूला लाकूड धातूच्या बरोबरीने किंवा केसभर वर असतं. तुम्ही जोमाने घासलं की ते खाली जातं आणि मग बटप्लेटची कड बोटाला लागायला लागते, आणि गेलेलं लाकूड परत आणता येत नाही. दुसरं म्हणजे बटाच्या खालच्या कडेची सरळ रेघ, पकडीजवळचा उभार, या सगळ्या रेषा गोल होतात आणि स्टॉक साबणाच्या वापरलेल्या वडीसारखा दिसतो, लांबूनच कळतं की कोणीतरी हौसेने घासलाय. तिसरं, लष्करी रायफल असेल तर लाकडावर तपासणीचे शिक्के असतात, काहींच्या फोरएंडवर (नळीखालच्या पुढच्या लाकडावर) नंबरही ठोकलेला असतो, आणि संग्रह करणारे लोक पहिल्यांदा तेच बघतात. शिक्का गेला की किंमतही गेली. त्यामुळे असे शिक्के स्पष्ट दिसत असतील तर माझा सल्ला सरळ आहे, फक्त साफ करा, तेल द्या आणि थांबा. धातूवरच्या नंबराला तर हातच लावू नका, तो खोडणं बहुतेक सगळीकडे गुन्हा आहे.

आता काम. रायफल रिकामी आहे का ते स्वतः बघायचं, मॅगझिन काढून, बोल्ट काढून, गोळी बसते त्या चेंबरमध्ये बोट घालून. कोणी कितीही सांगितलं की रिकामी आहे तरी. मग सोडवायला घ्या. इथे स्क्रू ड्रायव्हर नीट लागतो, साध्या ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, ते खाचेतून वर सरकतं आणि स्क्रूचं डोकं खराब करतं, बंदुकीसाठीचे जे बिट मिळतात त्यांच्या टोकाच्या बाजू समांतर असतात, ते खाचेत पूर्ण भरून बसतात. प्रत्येक स्क्रू कुठून काढला ते कागदावर टोचून ठेवा, रिसीव्हर स्टॉकला धरणारे पुढचा आणि मागचा गार्ड स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असते.

तुमची रायफल ली एनफिल्ड असेल, म्हणजे जुनी ब्रिटिश लष्करी एसएमएलई, तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, मागचा बट सोडवण्याआधी पुढचा फोरएंड काढायचाच. बटाच्या आतून त्याला धरून ठेवणारा जो लांब बोल्ट (स्क्रू) येतो त्याचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते फोरएंडच्या मागच्या टोकाला बसवलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. फोरएंड जागेवर असताना तो बोल्ट फिरवला की चौकोनी टोक आतून लाकूड फाडतं. कट्ट असा आवाज येतो आणि मग काही करता येत नाही. नंतरच्या ली एनफिल्ड नंबर ४ मॉडेलला ही भानगड नाही, पण तरी आधी फोरएंड काढायची सवय चांगली.

वरचं वार्निश नेमकं काय आहे ते ओळखा, दोन मिनिटांचं काम आहे. लपलेल्या जागी, म्हणजे बटप्लेटखाली वगैरे, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून अर्धा मिनिट दाबून धरा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे, सोव्हिएत मोसिन-नागां रायफलींवर असंच असतं. लॅकर थिनरने विरघळलं तर लॅकर. कशानेच काही झालं नाही तर पॉलीयुरेथेन किंवा तसलं काहीतरी. आणि बोळा नुसताच तपकिरी झाला, थर असा काही नाहीच, तर जुनं तेल आहे, ब्रिटिश रायफलींवर जवसाचं कच्चं तेल चोळलेलं असायचं. लाख असेल तर स्पिरिट आणि फडकं एवढ्यावर काम होतं. कडक थर असेल तर पेंट रिमूव्हर लागतो. मिथिलीन क्लोराईडवाले जे जोरकस रिमूव्हर होते ते वापरताना बंद खोलीत माणसं मेलीत, अमेरिकेत २०१९ पासून घरगुती ग्राहकांना ते विकायला बंदी आहे, त्यामुळे जेलसारखे हळू चालणारे घ्या, जाडसर लावा, वर प्लास्टिक गुंडाळा, रात्रभर ठेवा आणि सकाळी लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी पटाशी नको, ओलं लाकूड मऊ असतं आणि तिची खूण राहते. चेकरिंग, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या आडव्यातिडव्या खाचा, असेल तर तिथे जुना टूथब्रश, तोही खाचांच्या दिशेने.

ओव्हन क्लीनर मारून स्टॉक साफ करायचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. त्यात कॉस्टिक सोडा असतो. तेल निघतं हे खरं, पण लाकूडही काळपट होतं, तंतू फुगून भुसभुशीत होतात, आणि आत राहिलेला क्षार नंतर वरचं फिनिश खातो. डिशवॉशरमध्ये टाकणारे पण आहेत. त्यांच्याबद्दल काही बोलत नाही.

आता काळं पडलेलं. इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात कारण काळे डाग दोन जातीचे असतात आणि उपाय पूर्ण वेगळे. एक म्हणजे मुरलेलं बंदुकीचं तेल. वर्षानुवर्षं रायफल उभी ठेवली की रिसीव्हरमधलं तेल खाली उतरतं आणि टँगच्या मागे, पकडीच्या भागात लाकडात शिरतं. हा डाग तपकिरी काळा असतो, कडा विरघळल्यासारख्या, आणि हेअर ड्रायरने गरम केलं की वर ओलसर चमक येते. ती चमक दिसली की समजायचं तेल आहे. दुसरा डाग लोखंडाचा. अक्रोडात टॅनिन असतं, ओलावा आला की लोखंडाशी त्याची प्रक्रिया होते आणि निळसर काळा डाग पडतो, स्क्रूच्या भोकाभोवती, स्लिंगच्या कडीखाली, बटप्लेटच्या कडेला. तो गरम केला तरी काही होत नाही.

तेलासाठी खडूची बारीक पावडर घ्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पेंटवाल्यांकडे व्हायटिंग म्हणून मिळते, त्यात अ‍ॅसिटोन घालून दह्याइतकं घट्ट करा आणि डागावर बोटभर जाड थापा. अ‍ॅसिटोन आत जाऊन तेल पातळ करतं, उडून जाताना तेल वर आणतं आणि पावडर ते पिऊन घेते. वाळलं की पांढरी पावडर पिवळी तपकिरी झालेली दिसेल, झटकून टाका आणि परत थापा. पावडर पांढरी राहीपर्यंत हे करत राहायचं, जुन्या लष्करी स्टॉकला बरेच दिवस लागतात, कंटाळा येतो, पण दुसरा चांगला रस्ता मला माहीत नाही. काम मोकळ्या हवेत करा आणि आसपास सिगरेट, शेगडी, हीटर काही नको, अ‍ॅसिटोनची वाफ लांबूनही पेट घेते. हेअर ड्रायर वापरायचा तर अ‍ॅसिटोन पूर्ण उडून गेल्यावरच. हे तेल काढणं नुसतं दिसण्यासाठी नाही हे पण लक्षात घ्या, खनिज तेलाने भिजलेलं लाकूड मऊ पडतं, धक्का बसला की रिसीव्हरच्या मागे दबतं, आणि त्यावर ना गोंद धरतो ना फिनिश वाळतं.

लोखंडाच्या डागाला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. त्याचे स्फटिक कोमट पाण्यात विरघळवायचे, प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात, ब्रशने नुसत्या डागावर न लावता त्या पूर्ण बाजूला लावायचं, नाहीतर डाग जाऊन तिथे फिकट ठिपका राहतो. निळसर काळा रंग डोळ्यासमोर उतरतो, बघायला मजा येते. मग स्वच्छ पाण्याने दोनतीनदा नीट पुसा कारण वाळलेले स्फटिक नंतर घासताना नाकात गेले तर फार त्रास होतो, आणि ते विषारीही आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच.

लाकूड साफ झालं की चीर बघा, पोच्यांच्या आधी. थोडं टर्पेंटाईन फडक्याने त्या भागावर फिरवा आणि एक मिनिट नुसतं बघत बसा. वरचा भाग वाळत जातो पण चिरेत गेलेलं टर्पेंटाईन ओलं राहतं, त्यामुळे चीर जिथपर्यंत गेलीय तिथपर्यंत एक काळी रेघ उठून दिसते. बऱ्याचदा ती तुम्हाला वाटली होती त्याच्या दुप्पट लांब निघते. नुसता ओरखडा असेल तर सगळं सारखं वाळून जाईल. मग बट एका हातात आणि पुढचा भाग दुसऱ्या हातात धरून हलकासा पीळ द्या, रेघ उघडझाप करत असेल तर ती खरी चीर आहे, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय रायफल चालवायची नाही.

टँगच्या मागची चीर बहुतेक वेळा एकाच कारणाने येते. टँगचं मागचं टोक लाकडाला थेट टेकलेलं असतं, प्रत्येक गोळीच्या धक्क्याला ते पाचरीसारखं आत घुसतं. म्हणून नुसतं चिकटवून उपयोग नाही, टँगच्या मागे जाड कागदाच्या जाडीएवढी फट ठेवावी लागते, धारदार पटाशीने अगदी थोडं लाकूड काढायचं. चिकटवायला हळू सेट होणारं इपॉक्सी घ्या, पाच मिनिटवालं नको, ते आत शिरायच्या आधीच घट्ट होतं. चिरेत अ‍ॅसिटोन सोडून तेल काढा, पूर्ण उडू द्या, मग लाकूड ड्रायरने कोमट करा, इपॉक्सी लावा आणि पीळ देऊन चीर उघडमीट करा म्हणजे ते आत ओढलं जातं. दुसऱ्या बाजूने बाहेर आलेलं दिसलं की समजा आतपर्यंत पोचलं. वर मेणकागद लावून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, क्लॅम्पपेक्षा ती बरी कारण पकडीचा भाग गोल असतो आणि ट्यूब सगळीकडून सारखा दाब देते. एक दिवस हात लावू नका. चीर आरपार असेल किंवा पकडीच्या मानेत आडवी गेली असेल तर आतून पितळी आटेदार सळई घालावी लागते, ते काम जाणकार गनस्मिथकडे द्या.

पोचे काढणं हा या सगळ्या कामातला मला आवडणारा भाग. पोच्यात लाकडाचे तंतू तुटलेले नसतात, दबलेले असतात, वाफ मिळाली की फुगून वर येतात. सुती फडकं भिजवून पिळा, पोच्यावर दोन घड्या ठेवा आणि इस्त्रीच्या टोकाने, इस्त्री चांगली गरम हवी, पाच सात सेकंद दाबा. चर्र होऊन वाफ आत जाते. फडकं वाळायच्या आत उचला नाहीतर लाकूड करपतं. परत भिजवा, परत. दर वेळी थोडा वर येतो, जुने खोल पोचे पूर्ण येत नाहीत पण निम्म्याहून जास्त येतात आणि उरलेलं नजरेला फारसं टोचत नाही. एक अट आहे, वरचं फिनिश आणि तेल निघालेलं पाहिजे, नाहीतर वाफ आत जात नाही. आणि जिथे तंतू कापले गेलेत, म्हणजे तारेचा ओरखडा, खाच, खपली उडालेली, तिथे इस्त्री काही करणार नाही. तिथे लांबी (पुट्टी) भरू नका, तेल दिल्यावर ती वेगळ्या रंगाची दिसते, सरळ ती खाच तशीच राहू द्या. शिक्क्यांच्या जवळ इस्त्री नेऊ नका, शिक्का म्हणजे पण ठरवून पाडलेला पोचाच आहे, तोही वर येईल.

आता पेपर. एवढं सगळं झाल्यावर बघाल तर घासायला फारसं उरलेलंच नसतं. २२० ने सुरुवात, मागे रबराचा किंवा लाकडाचा ठोकळा, नेहमी रेषांच्या दिशेने, नुसत्या बोटांनी घासलं की मऊ भाग खोल जातो आणि लाटा पडतात, त्या आत्ता दिसत नाहीत, तेल दिल्यावर दिसतात. बटप्लेट जागेवर लावून तिच्यावर मास्किंग टेपचे दोन थर द्या आणि मग घासा म्हणजे कडा गोल होत नाहीत. चेकरिंगवर टेप. २२० नंतर ३२०, बस्स. तोंडाला मास्क लावा, अक्रोडाची धूळ बऱ्याच जणांना बाधते.

मग एक पायरी जी बहुतेक लोक गाळतात. ओल्या फडक्याने पूर्ण स्टॉक पुसा आणि ड्रायरने झटकन वाळवा. हात फिरवला तर दाढीचे खुंट आल्यासारखं लागेल, हे अर्धवट कापलेले तंतू उभे राहिलेत. नव्या ४०० पेपरने, अगदी हलक्या हाताने, ते कापून काढा, पेपर झिजलेला असेल तर तो कापत नाही, परत झोपवतो. परत ओलं, परत वाळवा. तिसऱ्या चौथ्या वेळी काहीच उभं राहत नाही. हे केलं नाही तर पहिल्या पावसाळी दिवशी तुमचं गुळगुळीत पॉलिश खरखरीत होणार.

रंगाबद्दल फार सांगत नाही. अक्रोडाला स्टेन शक्यतो लावू नका, तेलानेच तो गडद होतो. बर्च किंवा बीच झाडाचं लाकूड असेल तर ते फिकट असतं, बर्च तर रंग ठिपक्याठिपक्यांनी पितो, तिथे स्पिरिटमधला डाय खूप पातळ करून दोनतीन हात. जुन्या ब्रिटिश बंदुकांची जी लालसर झाक असते ती जवसाच्या तेलात अल्कानेट नावाची मुळी भिजवून आणायचे, ती मिळाली तर वापरून बघा, रंग फार सुंदर येतो.

आता तुमच्या पॉलीयुरेथेनचं. ते वाईट नाही, पाणी चांगलं अडवतं. पण ते लाकडावर थर म्हणून बसतं, ओरखडा आला की पांढरी रेघ दिसते, आणि तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही, सगळं काढून पुन्हा करावं लागतं. जुन्या रायफलीवर ते प्लास्टिकचं वेष्टन चढवल्यासारखं दिसतं ते वेगळंच. तेल लाकडात मुरतं, ओरखडा आला तर तिथेच थोडं तेल चोळलं की झालं. पाणी मात्र तेल कमी अडवतं, हे मान्य करून चालायचं.

तेल कुठलं? कच्चं जवसाचं तेल वाळायला दिवसेंदिवस घेतं. बॉइल्ड लिनसीड नावाने मिळणाऱ्या जवसाच्या तेलात लवकर वाळवणारे धातूचे क्षार (ड्रायर) घातलेले असतात, पातळ थर एका दिवसात वाळतो. टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) पाण्याला जास्त दाद देत नाही, अमेरिकन लष्कराने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते वापरलं होतं, पण डब्यावर टंग ऑइल फिनिश लिहिलेलं असतं त्यात बऱ्याचदा पातळ केलेलं वार्निशच असतं, साहित्य वाचून घ्या. मी बॉइल्ड लिनसीडवर खूश आहे.

पहिला हात निम्मं तेल निम्मं टर्पेंटाईन, भरपूर लावा, लाकूड पीत राहील तोवर लावत राहा, अर्ध्या तासाने वर उरलेलं सगळं पुसा. दोन दिवस थांबा. मग अक्रोडाची बारीक छिद्रं भरायची असतात, त्यासाठी ४०० चा वॉटरपेपर तेलात बुडवून हातभर भाग घेऊन गोल गोल घासा, लाकडाची भुकटी आणि तेल मिळून चॉकलेटी चिखल तयार होतो. तो पुसून टाकायचा नाही, दहा पंधरा मिनिटं घट्ट होऊ द्या आणि मग तळहाताने रेषांच्या आडवं चोळा म्हणजे चिखल छिद्रांत दबतो. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर परत. उजेडाकडे तिरकं धरून बघितलं की छिद्रं दिसेनाशी व्हायला हवीत. हा भराव त्याच लाकडाचा असल्याने रंगाचा प्रश्नच येत नाही.

त्यानंतर नुसतं तेल, शुद्ध, आणि फारच थोडं. बोटाच्या टोकावर तीनचार थेंब घेऊन बटाची एक बाजू होते. तळहात गरम होईपर्यंत चोळायचं, मग कोरड्या सुती कापडाने पुसून टाकायचं, इतकं की वर काही राहिलंय असं वाटू नये. तेल जाड राहिलं तर वरून साय धरतं, आत ओलं, चिकट होतं आणि धूळ पकडतं. चिकट झालंच तर टर्पेंटाईनने आणि बारीक स्टील वूलने पुसून परत पातळ लावा. जुन्या लोकांचा हिशोब आहे, आठवडाभर रोज एकदा, महिनाभर आठवड्याला एकदा, वर्षभर महिन्याला एकदा आणि मग वर्षाला एकदा. इतकं काटेकोर नसलं तरी आठ दहा पातळ हात तरी हवेतच. चेकरिंगमध्ये टर्पेंटाईन घातलेलं तेल टूथब्रशने, आणि लगेच कोरड्या ब्रशने ओढून काढा, खाचा भरल्या की पकड गेली.

तेलाच्या फडक्यांबद्दल हे नीट वाचा. जवसाचं तेल वाळताना उष्णता निघते. फडकं गोळा करून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकलं की ती उष्णता बाहेर पडत नाही, वाढत जाते, आणि काही तासांत फडकं आपोआप पेटतं. २३ फेब्रुवारी १९९१ ला फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा नावाची उंच इमारत अशाच फडक्यांमुळे पेटली, २२ व्या मजल्यावर लाकडाचं काम करणाऱ्यांनी जवसाच्या तेलाची फडकी तशीच ठेवली होती, आग विझवताना तीन अग्निशमन जवान गेले. फडकं एक एक करून बाहेर सपाट पसरा, कडक होईपर्यंत, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या लोखंडी डब्यात बुडवून ठेवा.

आतली बाजू विसरू नका. बॅरलची, म्हणजे नळीची, खाच, रिसीव्हरची जागा आणि बटप्लेटखालचं आडवं कापलेलं टोक, इथून ओलावा सगळ्यात जास्त शिरतो, लाकूड फुगतं, फोरएंड वाकून बॅरलला टेकतो आणि नेम सरकतो. इथे तुमचं पॉलीयुरेथेन वापरा हवं तर, पातळ करून दोन हात, बाहेर दिसत नाही आणि काम चोख होतं. फक्त थर जाड करू नका, रिसीव्हर बसायची जागा बदलते.

जोडायच्या आधी शेवटचा हात नीट कडक होऊ द्या, दोन आठवडे दिलेत तर उत्तम. स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. रेंजवर गेलात की आधी झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का ते, बघा, तो हललेला असणारच, आणि थोड्या गोळ्यांनंतर गार्ड स्क्रू पुन्हा एकदा तपासा कारण नवीन फिनिश दबतं. घरी आल्यावर टँगच्या मागे टर्पेंटाईनचं फडकं परत फिरवा, रेघ ओली दिसली तर इपॉक्सी धरलं नाही, मग सळई घालायलाच लागेल.